कंसातली वाक्यं

आज नववी 'ब'मध्ये पुन्हा कोणीतरी कंस मोठ्याने वाचला.

हे दरवर्षी होतं. जानेवारी लागतो, स्नेहसंमेलनाचा गोंधळ आटोपतो, आणि इंग्रजीच्या पुस्तकात अगदी शेवटी ढकललेलं ते जुनं नाटक आम्ही उघडतो. आमची मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकतात ती पुस्तकात छापलेला प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत. त्यामुळे पात्राच्या तोंडच्या 'कम इन'पुढे कंसात 'थोडं थांबून दाराकडे पाहतो' असं इंग्रजीत लिहिलेलं असलं, तर तेही त्याच दमात वाचलं जातं. "कम इन पॉज ही लुक्स ॲट द डोअर." आज हे वाचणारा मुलगा दाराकडे अजिबात बघत नव्हता, पुस्तकात नाक खुपसून उभा होता. वर्गात कोणी हसलं नाही, कारण कोणालाच त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. हसले मी एकटी. आणि मग मला हर्षाली आठवली.

ते वर्षही असंच थंडीचं होतं, म्हणजे आमच्या अंधेरीत जिला थंडी म्हणायची पद्धत आहे तेवढंच. सकाळच्या शाळेला पोरं स्वेटर घालून यायची आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळे स्वेटर कमरेला बांधलेले असायचे. फाटकाबाहेर पेरूवाला तिखटमीठ लावून फोडी विकायचा. शेजारी एक बाई ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसायची, आणि माझ्या तासाला निम्मा वर्ग बाकाखाली हरभरा सोलत असायचा. वारा पश्चिमेकडून आला की वर्गात सुक्या मासळीचा वास यायचा. मग काहीजण उगाच नाकाला रुमाल लावायचे आणि काहीजणांना भूक लागायची. कोणाचं काय होतं यावरून कोण कुठून येतं ते मला कळायचं. मला असल्या नसत्या चौकशांची फार हौस. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची माझी खोड जुनी आहे, आणि नाटक शिकवणं म्हणजे त्या खोडीला सरकारमान्य परवानगी.

नाटक तसं साधं आहे. नदीकाठी एक म्हातारा नावाडी एकटा राहतो. धुक्याची संध्याकाळ. एक प्रवासी येतो आणि मला पलीकडे सोड म्हणतो. म्हातारा त्याला आत बसवतो, खायला देतो. दोघं बोलतात ती नदीबद्दल, हवेबद्दल, पलीकडच्या बाजाराबद्दल. बघणाऱ्याला हळूहळू उमगतं की हा प्रवासी म्हाताऱ्याचाच मुलगा आहे, भांडून घर सोडून गेलेला. पण तो ते सांगत नाही आणि म्हातारा विचारत नाही. शेवटी म्हातारा त्याला होडीतून पलीकडे पोचवतो, भाडं घेत नाही, आणि पडदा पडतो. म्हाताऱ्याने मुलाला ओळखलं की नाही, हे नाटकात कोणीच सांगत नाही.

मुलांना ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली की प्रश्नांचा नुसता भडिमार होतो, आणि मला शिकवण्यातला तोच भाग सगळ्यात आवडतो. त्याच्याकडे बापाचा नंबर नव्हता का? आई कुठे गेली? म्हातारा एकटा राहतो तर त्याचा डबा कोण करतं? शेजारी कसे नाहीत, एवढं भांडण झालं तर शेजारी मध्ये कसे पडले नाहीत? हा शेवटचा प्रश्न विचारणारा मुलगा चाळीत राहायचा. भांडण होतं आणि शेजारी मध्ये पडत नाहीत, असं घर त्याने पाहिलेलंच नव्हतं. मी म्हटलं, तिथे जवळपास घरंच नव्हती. तो म्हणाला, "मग कोणाला ऐकवायला भांडले, टीचर?" 

माझी वाचनाची पद्धत अशी, की एकेका बाकाला एकेक पात्र द्यायचं. त्या वर्षी कंसांचा घोळ इतका वाढला, की मी वैतागून म्हटलं, ठीक आहे, कंससुद्धा एक पात्र समजा. ते वाचायला कोण घेतं? कोणी हात वर केला नाही. त्यात भाव खाण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची हर्षाली म्हणाली, मी वाचते.

हर्षाली खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई अंधेरीच्या बाजारात मासळीला बसते. लहानपणी आई तिला बरोबर घेऊन यायची, म्हणून बाजाराजवळची आमची शाळाच तिची शाळा झाली. वडिलांची होडी होती. इंग्रजीच्या तासाला तिने स्वतःहून तोंड उघडल्याचं मला आठवत नव्हतं. उभं केलं की मान खाली, आणि ओठ घट्ट. म्हणून मला नवल वाटलं. मी विचारलं, संवाद का नको? ती म्हणाली, संवाद बोलायचे म्हणजे रडायचं, ओरडायचं, सगळे बघणार. कंसात काय, नुसतं काय घडलं ते सांगायचं.

आणि ती सुरेख वाचायला लागली. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही, घाई नाही. नावाडी झालेला मुलगा छाती फुगवून ओरडायचा, प्रवासी झालेला मुलगा मालिकेतल्यासारखे सुस्कारे सोडायचा, आणि मध्येच हर्षालीचा शांत आवाज यायचा, की तो दिव्याची वात वर करतो. तो खिडकीशी जातो. तो काही बोलत नाही. दोन-तीन तासांत असं झालं, की वर्ग तिच्या वाक्यांची वाट बघायला लागला. पोरांनी तिचं नाव 'ब्रॅकेट' ठेवलं. तिला ते आवडलं असावं, कारण वहीच्या कव्हरवर तिने स्वतःच ते लिहिलं.

आम्ही अर्ध्यावर आलो तेव्हा एक वाद झाला. म्हातारा पाहुण्याला पाव देतो त्या जागी कंसात एक ओळ आहे. हर्षालीने ती वाचली आणि ती तिथेच थांबली. म्हातारा पावाची कड कापून काढतो आणि मग तो तुकडा पाहुण्यापुढे ठेवतो, एवढीच ओळ. ती म्हणाली, "टीचर, याने ओळखलंय."

मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, परक्या माणसाला कोणी कड काढून पाव देत नाही. ह्याला लहानपणी कड आवडत नसणार. तेवढ्यात मागच्या बाकावरचा आर्यन उभा राहिला. आर्यनचा मुक्काम शाळा सुटल्यावर नाक्यावरच्या सँडविचवाल्याकडे असायचा. "काय पण, सँडविचवाला सगळ्यांचीच कड काढतो. तो काय सगळ्यांचा बाप आहे का?" वर्ग खो खो हसला. मला मुद्दा बिनतोड वाटला. मुंबईच्या पोरांना कड काढलेला पाव म्हणजे रोजचीच गोष्ट, त्यात माया कुठली दिसणार. पण हर्षाली बसली नाही. म्हणाली, सँडविचवाला विकायला काढतो. घरात कोणी कोणासाठी काढलं तर ते त्या एकाच माणसासाठी असतं. आमच्याकडे ताईला बोंबलाचा मधला काटा चालायचा नाही, तर बाबा तिच्या ताटातला काढून द्यायचे. माझ्या नाही.

ती 'द्यायचे' म्हणाली, 'देतात' म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं मात्र काही नाही. वर्गात तोवर दोन तट पडले होते. 'ओळखलं'वाले खिडकीकडे आणि 'नाही ओळखलं'वाले दाराकडे, अशी बाकांची सरकासरकी झाली आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर डोकावून गेले.

आमच्या पर्यवेक्षिका नाईकबाई यांच्या कानावर हे गेलं. बाई शिस्तीच्या आणि मनाने चांगल्या, पण परीक्षा जवळ आली की त्यांना मुलांमध्ये फक्त गुण दिसतात. त्यांनी मला गाईड उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की नावाड्याची दृष्टी वयोमानामुळे अधू झाली असल्याने तो मुलाला ओळखत नाही. मला हसू आवरेना. डोळे अधू असलेला माणूस धुक्यात होडी कशी काय चालवतो, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, ते तुम्ही बघा, उत्तरपत्रिकेत मात्र हेच आलं पाहिजे. मी मुलांना दोन्ही उत्तरं लिहून दिली, एक परीक्षेचं आणि एक आपलं.

कंस या गोष्टीचं मला तेव्हापासून भलतंच कुतूहल वाटायला लागलं. घरी आल्यावर मी माझ्याच माणसांचे कंस आठवत बसायची. माझे वडील जालन्याहून मुंबईला आले आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आयुष्यभर राबले. मला त्यांनी 'अभ्यास कर' असं कधी म्हटलेलं आठवत नाही. पण माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते रेडिओ बारीक करून कानाला लावून बसायचे, आणि क्रिकेटमध्ये कोणी बाद झालं तर तोंडावर हात धरायचे. आमच्यातले संवाद कोणी लिहून काढले तर अर्धं पानही भरणार नाही. बाकी सगळं कंसात होतं. हे मला चाळिशी उलटल्यावर, एका नववीतल्या मुलीमुळे कळावं, याची मला गंमतही वाटते आणि थोडं वाईटही वाटतं, कारण वडील आता नाहीत.

हर्षाली मात्र हे नाटक घरी घेऊन गेली होती. ते मला तिच्या वडिलांच्या तोंडून कळलं. पालकसभेला ते स्वतः आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. म्हणाले, "बाई, पोरगी रोज त्या होरीवाल्याची गोष्ट सांगते. पुढं काय झालं?" मला इतका आनंद झाला, की बाकीच्या पालकांना ताटकळत ठेवून मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. मुलगा जायचंच म्हणतो, धुकं तसंच असतं, आणि म्हातारा होडी काढतो. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "परक्यासाठी कोन होरी काढंल तशा धुक्यात." मग थोड्या वेळाने विचारलं, की म्हाताऱ्याने पोराला अडवलं नाही का? मी म्हटलं, नाही, अडवलं नाही. उठताना टेबलावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडे त्यांनी नीट पाहिलं. आडनाव वाचून माणसाला काय काय कळतं आणि कळल्यावर तो काय करतो, हे बघायची मला लहानपणापासून सवय आहे. त्यांनी नमस्कार केला आणि ते गेले.

यानंतर आम्ही नाटकाचं वाचन पालकांसमोर करायचं ठरवलं. फेब्रुवारीत वर्गावर्गाचे छोटे कार्यक्रम असतात, त्यात आमचं हे. पेटी-तबला नाही, पोशाख नाहीत, नुसतं सभागृहात उभं राहून वाचायचं. नाईकबाई म्हणाल्या, ठीक आहे, पण कंस गाळा. रंगमंचावर कंस कोणी वाचत नसतं, लोक हसतील. नियमाने त्यांचं बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गाला तसं सांगितलंही, आणि हर्षालीचा चेहरा बघून मला चुकल्यासारखं वाटलं. प्रवाशाची वाक्यं घे म्हटलं, तर तिने नकारार्थी मान हलवली.

मधल्या सुट्टीत ती जिन्यात मला गाठायला आली. "टीचर, मला कंसच पाहिजेत. बाबा तेच ऐकायला येणारेत." मी म्हटलं, बघू या. ती गेली नाही. कठड्याचा रंग नखाने खरवडत उभी राहिली आणि म्हणाली, "ताईला पण बोलवलंय."

मग तिने सगळं सांगितलं. तिची मोठी बहीण मानसी. दोन वर्षांपूर्वी तिने बाबांना न सांगता लग्न केलं. मुलगा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, स्वभावाने चांगला. अंधेरी पूर्वेला पुनर्वसनाच्या इमारतीत त्यांना घर मिळालंय. लग्न झाल्यापासून बाबांनी घरात ताईचं नाव काढलेलं नाही. आईने एकदा विषय काढला तर ते ताटावरून उठून गेले. ताई महिन्या-दोन महिन्यांनी बाजारात आईच्या पाटीसमोर येऊन उभी राहते, गिऱ्हाईकासारखी मासे निवडते, आणि आई तिच्या पिशवीत जास्तीचं टाकते. तेवढीच त्यांची भेट. हे सांगून ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते जयभीमवाले आहेत."

मी म्हटलं, "आम्हीपण."

"माहितेय टीचर. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

आईबापांच्या तोंडून ही वाक्यं मी अनेक तऱ्हांनी ऐकली आहेत, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने इतक्या सरळपणे ती माझ्या हातात ठेवावीत, याची मला सवय नव्हती. राग आला होता, तिच्या वडिलांचा. पांढऱ्या शर्टातले, होरीवाल्याचं पुढं काय झालं विचारणारे ते गृहस्थ डोळ्यांसमोर आले, आणि राग कुठे ठेवावा तेही कळेना. मी विचारलं, ताई तयार आहे का यायला? हर्षाली म्हणाली, तयार आहे, पण एकदाच. बाबा तिला बघून उठून गेले, तर ती परत कधी येणार नाही, आईकडे बाजारातसुद्धा नाही. तसं तिने सांगितलंय.

"आणि तुला काय वाटतं? जातील उठून?"

"नाही माहीत. म्हणून तर बोलवलंय. मला बघायचंय."

खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, आणि भीतीही वाटत होती. शाळेच्या कार्यक्रमात असली जोखीम घ्यावी का, हा विचार मी घरी जाईपर्यंत करत होते. रिक्षा सिग्नलला थांबली, स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन मुलं खिडकीशी आली, मेट्रोच्या खांबांखाली नेहमीची कोंडी होती, आणि माझ्या डोक्यात एकच, की तो माणूस उठून गेला तर ही पोर पुन्हा तोंड उघडेल का. कंस काढून टाकले तर सगळंच टळत होतं. वडील येणार नाहीत, बहीण येणार नाही, कोणाचं काही बिघडणार नाही. नाईकबाईंनी मला अगदी आयती पळवाट दिली होती. पण मग ते घर जसं आहे तसंच राहिलं असतं, आणि मुलीने तर स्वतःचं काय ते ठरवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, की हे नाटक नाही, वाचन आहे, आणि वाचनात छापलेलं सगळं वाचायचं असतं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही हट्टी आहात," म्हणाल्या, आणि माईक कोणता हवा ते विचारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, वर घरघरणारे पंखे, मागे चहा-वड्याचा वास. हर्षालीचे आईवडील वेळेआधीच येऊन तिसऱ्या रांगेत बसले. आईने अबोली माळली होती. वडील तोच पांढरा शर्ट घालून, हात मांड्यांवर ठेवून. मानसी अगदी सुरू व्हायच्या वेळेला आली आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. हर्षालीसारखीच जिवणी, म्हणून मला न सांगता कळलं. ती एकटी आली होती. मी रंगमंचाच्या बाजूला उभी होते, माझं लक्ष नाटकात कमी आणि तिसऱ्या रांगेत जास्त.

पोरांनी झकास वाचलं. आर्यन म्हातारा झाला होता, आणि 'नाही ओळखलं' पक्षाचा असल्यामुळे तो अगदी कोरडेपणाने बोलत होता. त्यामुळे हर्षालीचं काम आणखीनच उठून दिसलं. आर्यन रुक्षपणे म्हणायचा, बस तिथे, आणि हर्षाली सांगायची, तो खुर्चीवरची आपली शाल उचलतो आणि जागा करतो. तिच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, पण गोष्ट पाठ होती. मुलीचा आवाज आला की ते किंचित पुढे झुकायचे, थांबला की मागे टेकायचे. पावाची ओळ आली. हर्षालीने ती इतर ओळींसारखीच वाचली, एवढासाही जोर न देता. त्या क्षणी वडिलांनी मान वळवून मागे पाहिलं. एकदाच. मागे लोक उभे होते, दारातून उजेड येत होता, त्यांना मानसी दिसली की नाही मला समजेना. त्यांनी पुन्हा पुढे पाहिलं. ते उठले नाहीत.

नाटकाच्या शेवटी म्हातारा होडी वळवतो आणि परत निघतो, अशी ओळ आहे. ती वाचून हर्षालीने कागद मिटला. टाळ्या झाल्या, नाईकबाईंनीही वाजवल्या, आणि लोक वड्यांकडे वळले. मी खाली उतरले तोवर हर्षालीची आई सरळ शेवटच्या रांगेकडे गेली होती आणि तिने मानसीचा दंड धरला होता, सुटून जाऊ नये तसा. हर्षाली रंगमंचावरून धावत आली आणि मध्येच उभी राहिली, बहिणीकडेही नाही आणि वडिलांकडेही नाही. वडील खुर्च्यांच्या रांगेतून सावकाश येत होते. बाहेर जायचं दार मानसीच्या पलीकडे होतं. म्हणजे जायचं असलं तरी तिच्यासमोरूनच जावं लागणार होतं.

ते तिच्यासमोर आले आणि थांबले. तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. सभागृहात पोरांचा कलकलाट चालला होता, तरी मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"आयेचं गुडघं दुखतान," ते म्हणाले. "तुझं चार माळं, न् लिफ्ट कवाच चालू नसते. ती नाय येवाची. तूच ये घरी."

मानसी बघतच राहिली. तिच्या आईने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. मानसीच्या घरी माहेरचं कोणीही कधी गेलेलं नव्हतं. आईसुद्धा नाही. चार माळे आणि बंद लिफ्ट ही माहिती त्यांना देणारं कोणी नव्हतंच.

"तू आलेलास?" मानसीने विचारलं. "मग बेल का नाय वाजवलीस, बाबा?"

वडिलांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"दाराशी तुझी चप्पल बघली," ते म्हणाले. "घरात हायस म्हटलं. न् परत आलू."